नावानिशी साक्ष

मोठ्या चादरीची घडी एकटीला करता येत नाही. येत असती, तर मी त्या बाईच्या वाऱ्यालाही उभी राहिले नसते. पण आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात आणि त्यांना समोरासमोर दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, खालची दुमड उचलून पुन्हा मागे जायचं. एका चादरीला तीनदा तोंडासमोर तोंड येतं. दिवसाला साधारण चारशे नव्वद चादरी होतात.

तिनं या तिन्ही भेटी प्रभूच्या कामाला लावल्या होत्या.

पहिल्या भेटीत म्हणायची, "काल पायात गोळा आला होता." दुसऱ्या भेटीत, "प्रार्थना केली." तिसऱ्या भेटीत, "गेला. आमेन." की घडी गठ्ठ्यावर आणि पुढची चादर हातात. म्हणून लाँड्रीत तिचं नाव पडलं आमेनबाई. माझं नाव कांजीबाई. कपड्यांना कांजी लावते म्हणून नव्हे, समोरच्याला ताठ करते म्हणून.

तिचं कुणीही ऐकत नसे. ती इस्त्रीच्या टेबलाशी गेली की इस्त्रीवाली रेडिओचा आवाज वाढवायची. गाडीवाला म्हणायचा, "बाई, आधी गाडी भरू द्या, स्वर्गात नंतर जाऊ." ती हसायची आणि गाठोडं उचलू लागायची. राग म्हणून नाही. वर्षभरात तिनं एक माणूस त्यांच्या प्रार्थनेला नेला नव्हता, तरी रोज सकाळी नव्या उमेदीनं सुरू. एखाद्याला वाटलं असतं, किती भली बाई आहे. मला वाटायचं, चादर तिच्या तोंडावर टाकावी आणि चारही टोकं बांधून टाकावीत.

कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी माझा दादा याच लाँड्रीत रोलरवर होता. रोलर म्हणजे ओल्या चादरी ज्यात घालून वाळवतात आणि दाबतात, ते तापलेलं धूड. त्याच्या तोंडाशी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. एका सकाळी ती जाळी नव्हती आणि दादाचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. अंगठा आणि एक बोट राहिलं. मग चौकशी बसली, जाळी काढली कुणी? एका बाईनं साक्ष दिली: यांनीच काढली, माझ्या डोळ्यांदेखत. झालं. हलगर्जीपणाचा ठपका ठेवून दादाला घरी बसवलं. त्या चौकशीचा कागद आमच्या कपाटात आहे. साक्षीदाराच्या जागी नाव आहे ते आमेनबाईचं.

तेव्हा ती आमेनबाई नव्हती. अभ्रे मोजायची आणि दुपारी दादाच्याच बाकावर बसून डबा खायची. चौकशी झाली आणि महिन्याच्या आत तिची बदली दुसऱ्या शाखेत झाली. मी लाँड्रीत लागले ते त्यानंतर, दादाचं घर आता माझ्यावर होतं म्हणून. नवरा मला कधीच सोडून गेला होता, आडनाव तेवढं ठेवून गेला. त्या आडनावामुळे मी कुणाची बहीण हे इथं कुणाला कळलं नाही. गेल्या वर्षी ती शाखा बंद पडली, बाई परत आली आणि माझ्यासमोर चादरीची टोकं धरून उभी राहिली. नाव सांगितलं. माझ्या हातातून चादर सुटली.

"हात ओले आहेत का, ताई?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ती खोटं बोलली होती हे मला ठाऊक होतं. रोलरची जाळी मी स्वतः पाहिली आहे. चार बोल्ट आहेत, पान्याशिवाय निघत नाहीत, आणि पाना सुपरवायझरच्या कपाटात कुलपात असायचा. हे मी दादाला सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग पाना मीच मागून घेतला असेल."

हेच मला जाळत होतं. दादाला त्या सकाळचं काही आठवत नाही. दुखण्यात सगळं पुसलं गेलं. आणि ज्या बाईशी त्याचं कधी वाकडं नव्हतं ती म्हणते म्हणजे खरंच असणार, असं त्यानं मनाशी धरलं. "ती कशाला खोटं बोलेल गं?" हात गेला ते गेलं, पण स्वतःवरचा भरवसाही गेला. दादा घराबाहेर पडताना गॅसचं बटण सात-आठ वेळा बघतो. जिना उतरतो, परत चढतो, पुन्हा बघतो. ज्या माणसानं माझ्या सायकलचा ब्रेक स्वतः ओढून पाहिल्याशिवाय मला कधी शाळेत जाऊ दिलं नाही, तो आता म्हणतो, माझ्या हातून काय होईल सांगता येत नाही.

सुपरवायझर दोन वर्षांपूर्वी वारला. झोपेत, आरामात. त्याचं मी काही वाकडं करू शकले नाही. उरली ही.

आणि ही माझ्यापुढे उभी राहून मला काय सांगते? क्षमा.

"किती वेळा माफ करायचं माणसानं?" पहिली भेट. "सातदा?" दुसरी. "नाही ताई, सत्तर गुणिले सातदा. आमेन." मी मनात गुणाकार केला. चारशे नव्वद. दिवसाच्या चादरींइतकेच. म्हटलं, बाई, तू एक दिवस सापड माझ्या हाती, मग बघू.

एकदा तिनं आपली गोष्ट सांगितली. पूर्वी ती कशी होती, मग प्रभू कसा भेटला. त्यांच्यात याला साक्ष म्हणतात. हा शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शब्द तोच, बाई तीच.

"मी फार वाईट होते, ताई. मत्सर करायची. खोटं बोलायची. एका माणसाचं तर फार वाईट केलं."

मी कान टवकारले. पुढच्या भेटीत मी विचारलं, "कुणाचं?"

ती मागे गेली, चादर ताणली, परत आली. "प्रभूला ठाऊक आहे. त्यानं मला क्षमा केली. त्या दिवशी मनावरचा दगडच उतरला बघा."

तुझ्या मनावरचा उतरला. आमच्या घरातला तसाच आहे, सकाळ-संध्याकाळ गॅस तपासतो. हात दादाचा गेला आणि क्षमा परस्पर तिसऱ्यानंच करून टाकली, आम्हाला न विचारता. त्या दुपारी मी ठरवलं. ही मिरवते ना साक्ष, तीच हिच्या गळ्यात अडकवायची, हिच्याच माणसांसमोर.

दुसऱ्या दिवसापासून मी ऐकू लागले. मान डोलावू लागले. तिनं दिलेली छोटी पुस्तिका डब्याच्या पिशवीत ठेवली आणि ती बघतेय हे बघून बाहेर काढू लागले. नाटक करणं मला जमतं असं मला आधी माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी म्हणाले, "बाई, तुमच्या उपासनेत मलाही साक्ष द्यायची आहे. चालेल?"

तिचे डोळे भरले. हातातली चादर छातीशी धरून तशीच उभी राहिली. वर्षभरात तिनं आणलेलं पहिलं माणूस मी असणार होते. तिचा आनंद पाहून मला आणखीच चेव आला. जितकी वर चढेल तितकी बरी, म्हटलं.

दादाला मी खरं सांगितलं नाही. म्हणाले, एका मैत्रिणीकडे प्रार्थना आहे, एकटीला अवघडल्यासारखं होतं. तो बिचारा तयार झाला. लांब बाह्यांचा शर्ट घातला, उजवा हात खिशात घातला. गॅस बघितला, आठ वेळा.

त्यांची जागा टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यात रबराचा वास, वर चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. माणसं आमच्यासारखीच: पहारेकरी, नर्सबाई, शिंपी, पोरं सांभाळणाऱ्या बायका. आमेनबाई पुढे बसली होती, धुतलेल्या केसांची, इस्त्रीच्या साडीत. तिनं मला हात केला. दादाला तिनं नीट पाहिलं नाही. आम्ही मागे, खांबाच्या आडोशाला बसलो होतो.

गाणी झाली. पाळकसाहेब थोडं बोलले. मग ती उठली. "माझी एक मैत्रीण आज साक्ष देणार आहे," ती म्हणाली. "वर्षभर मी रोज तिच्यासाठी गुडघे टेकले."

मी उठले. तीन आठवडे प्रत्येक चादरीबरोबर पाठ केलेलं होतं. म्हणाले, "माझ्याबरोबर माझा दादा आलाय. दादा, पुढे ये."

तो गोंधळून आला.

"हात बाहेर काढ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. सहा वर्षांत त्यानं तो हात घरातल्या माणसांखेरीज कुणाला दाखवला नव्हता आणि मी त्याला चाळीस अनोळखी लोकांसमोर उभं केलं होतं. मोठ्या भावानं धाकट्या बहिणीचं ऐकावं तसं त्यानं ऐकलं. हात बाहेर काढला. कुणीतरी हळूच श्वास आत ओढला. आमेनबाई खुर्चीची पाठ धरून उभी होती, तिचा रंग उडाला होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादानंच तिला ओळखलं.

"अहो, तुम्ही?" त्याचा चेहरा चक्क उजळला. "ओळखलंत का? मी रोलरवर होतो. एका बाकावर डबा खायचो आपण."

तिनं खुर्चीची पाठ आणखी घट्ट धरली.

"बरं झालं भेटलात," दादा म्हणाला. लोक आहेत हे तो विसरूनच गेला. "कधीचं सांगायचं होतं. माझ्यामुळे तुम्हाला त्या साहेबलोकांपुढे उभं राहावं लागलं. बाईमाणसाला किती जड गेलं असेल. पत्र लिहिणार होतो, पण डाव्या हातानं अक्षर येईना. जाळी मी काढायला नको होती. तुम्ही खरं तेच बोललात, माझ्या मनात काही नाही. मलाच माफ करा."

माझं पाठ केलेलं सगळं फुकट गेलं. मी तिला फाशी द्यायला दोर आणला होता आणि माझा भाऊ तिच्यापुढे मान वाकवून उभा होता. पाळकसाहेबांना आतलं काय ठाऊक? त्यांना वाटलं, काय सुंदर साक्ष झाली. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "आमेन." चाळीस लोक म्हणाले, "आमेन."

एकटी आमेनबाई म्हणाली नाही.

"म्हणा ना, बाई," मी म्हणाले. "रोज दीड हजार वेळा भेटतो आपण, रोज म्हणता. आज म्हणा."

ती खुर्चीवर बसायला गेली आणि बसली नाही. मग दादाच्या हाताकडे बघत म्हणाली, "जाळी तुम्ही काढली नव्हती."

दादा हसला. "नाही हो, मीच. आठवत नाही, पण कागदावर आहे."

"कागदावर मी सांगितलंय म्हणून आहे." आता ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "सुपरवायझरनं मेकॅनिककडून आदल्या संध्याकाळी काढून घेतली. जाड टेबलक्लॉथ अडकत होते म्हणून. मी तिथंच अभ्रे मोजत होते. सकाळी तुम्ही आल्या आल्या विचारलंत, जाळी कुठंय? साहेब म्हणाले, आजचा दिवस चालव. मग ते झालं. मला त्यांनी बोलावलं. म्हणाले, दुसऱ्या शाखेत पहिली पाळी देतो. माझी मुलगी लहान होती, शाळेतून आली की घरी एकटी असायची. मी म्हणाले, यांनी काढली."

खाली दुकानात कुणीतरी टायर आपटला. दादा आपल्या हाताकडे बघत होता.

"म्हणजे मी नाही काढली?"

"नाही."

"आणि मी विचारलं होतं, जाळी कुठंय म्हणून?"

"दोनदा विचारलंत."

"दोनदा," दादा म्हणाला. मग त्याला खुर्ची द्यावी लागली.

मला वाटलं होतं, या क्षणी माझ्या पोटात थंडावा पडेल. तिचा पाणउतारा झाला होता, तिच्याच माणसांसमोर, मला हवा होता तसाच. पण मला फक्त दादाचा तो हात दिसत होता, मी बाहेर काढायला लावलेला. तिनं त्याला एकदा लोकांसमोर उघडं पाडलं होतं, आज मीही तेच केलं. हे मी त्याला त्या संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "असू दे गं. दोनदा विचारलं होतं म्हणे मी." त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

सोमवारी ती वेळेवर आली. चादर उचलली, टोकं धरली. पहिल्या भेटीला काही बोलली नाही, दुसऱ्या भेटीला नाही. तिसऱ्या भेटीला बोटांना बोटं लागली तेव्हा म्हणाली, "ताई, मला माफ कराल?"

"नाही," मी म्हणाले. "पुढची घ्या."

तिनं पुढची घेतली. दहा-पंधरा चादरी आम्ही अशाच मुक्यानं केल्या. मग मलाच राहवेना.

"बोला की. आता का दातखीळ बसली? इतके दिवस अर्धी साक्ष देत फिरत होतात. आता पुरी द्या. कुणाचं वाईट केलंत, कशासाठी केलंत, नावानिशी. ऑफिसात लिहून द्या. इस्त्रीवालीला सांगा, गाडीवाल्याला सांगा."

"देईन."

"आणि दर रविवारी तिथं उभं राहून दादाला सांगायचं."

"किती रविवार, ताई?"

"तुम्हीच आकडा दिलाय. सत्तर गुणिले सात."

मला वाटलं, ती गयावया करेल. तिनं मान हलवली, "बरं," म्हणाली आणि चादर झटकली.

ऑफिसनं तिचा कागद घेतला, जुनी फाईल सापडत नाही म्हणाले आणि तिला खोटेपणाबद्दल एक मेमो दिला. कागदाची शिक्का मारलेली नक्कल मी मागून घेतली. ती आता कपाटात आहे, जुन्या कागदाच्या वर. मग बाईनं बाकीच्यांना सांगायला घेतलं, नावानिशी, काही न लपवता. पहिल्या दिवशी इस्त्रीवालीनं रेडिओचा आवाज वाढवला, मग कमी केला, मग बंदच केला. गाडीवाल्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि त्यावर बसून ऐकलं. माझी इच्छा अशी की लोकांनी तिला वाळीत टाकावं. चार-आठ दिवस टाकलंही, तिच्या बाकावर डबा खायला कुणी बसेना. आणि मग एका दुपारी इस्त्रीवाली तिच्याशेजारी जाऊन बसली आणि हळूच विचारू लागली, तुमची उपासना रविवारी किती वाजता असते म्हणून. तिनंही कधी कुणाचं काही केलं असेल, मला काय ठाऊक. वर्षभर पायातल्या गोळ्यांच्या गोष्टी सांगून जे जमलं नाही ते माझ्या सूडानं तिला मिळवून दिलं.

मी तिला माफ केलेलं नाही. दादानं तिला तिथल्या तिथं, त्या खुर्चीत बसल्या बसल्या केलं, तो त्याचा प्रश्न. मी त्याच्याबरोबर जाते ते मोजायला. गाणी मी म्हणत नाही. आमेनबाई उठते, सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ सांगते आणि "जाळी यांनी काढली नव्हती" इथं आली की दादाकडे बघते. दादा दर वेळी पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकतो. उजवा हात मांडीवर उघडा असतो.

काल नववा रविवार होता. मी चपला घालून दारात उभी राहिले, नेहमीसारखी भिंतीला टेकून, आठ वेळांची तयारी ठेवून. दादा आत गेला, गॅसचं बटण एकदा पाहिलं, दिवा मालवला, बाहेर येऊन कुलूप लावलं.

"चल, उशीर होईल," म्हणाला आणि माझ्या पुढे जिना उतरू लागला.